मूठ वर जाईपर्यंत

मला एका जागी उभं राहून वाजवता येत नाही. ट्रम्पेट ओठाला लागलं की पाय निघतात. पुण्यातल्या आमच्या जॅझ ग्रुपने यावर सगळे उपाय करून पाहिले. स्टेजवर चिकटपट्टीचा गोल आखला, माझ्यापुढे स्टूल आडवं टाकलं, एकदा तर ड्रमरने माझी ओढणी त्याच्या झांजेच्या स्टँडला बांधली. मी स्टँडसकट गेले. तेव्हापासून मला बिनवायरचा माईक देतात आणि म्हणतात, जा बाई, कुठं जायचं तिथं जा.

दोष माझा नाही, बाबांचा आहे. अमरावतीत त्यांची बँड पार्टी होती, वरातीत वाजवणारी. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे ट्रम्पेट, मागे ढोल. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा, माझी आईसुद्धा. "मास्तर, येताना मीठ आणा." त्यांना मुलगा नव्हता म्हणून मला शिकवलं, असं लोक सांगतात. साफ खोटं! मला चांगला दांडगा मोठा भाऊ आहे, पण त्याने बाजा फुंकला की शेजारची म्हैस दावं तोडायची. माझ्या फुंकण्याने ती नुसती मान वर करून बघायची, यावर निकाल लागला. नातेवाईक कुरकुरले, "पोरीच्या जातीले बाजा कायले मास्तर?" बाबा म्हणाले, "फूक पोराची का पोरीची, पितळेले काय मालूम?"

पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा आमची शाळा भरायची. पहिले चार महिने नुसतं माऊथपीस, म्हणजे बाजाचं वाटीसारखं तोंड. त्यातून जो आवाज निघतो तो ऐकून आईने मला गच्चीवर हाकललं. मग एकदाचा आख्खा बाजा हातात आला आणि बाबा म्हणाले, "आता चाल."

शिकणं म्हणजे चालणंच. घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि परत. ते माझ्याकडे तोंड करून उलटे चालायचे आणि मी वाजवत त्यांच्या अंगावर. वरात चालत जाते, रस्ते आपल्याकडचे, आणि खड्ड्यात पाय गेला की पितळ थेट दातावर आदळतं. "गुडघे ढिले ठेव! दणका गुडघ्यानं खाल्ला पायजे, दातानं नाई!" वलगावच्या रस्त्यावर एका गतिरोधकाने माझ्या पुढच्या दाताचा टवका काढलाच. बाबांनी आधी बाजा पाहिला, मग दात. "पोचा नाई पडला," म्हणाले आणि चालायला लागले. तो टवका अजून आहे. डॉक्टर बसवून देतो म्हणतात, पण माझा वरचा सूर त्या फटीतूनच निघतो असा माझा समज आहे.

दुसरी गोष्ट हाताच्या खुणांची. वरातीच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मास्तर हाताने बोलतो. बोट गोल फिरवलं की 'फिरव', तीच ओळ पुन्हा. तळवा खाली केला की हळू: दवाखाना आला, घोडा बिथरला, किंवा मोझरीला लग्न असलं तर आश्रम आला. आणि मूठ वर गेली की थांब. मूठ वर जाईपर्यंत थांबायचं नाही, मग ओठ सुजो, की नवरदेवाला चक्कर येवो. मी वयाच्या तेराव्या वर्षी वरातीत उभी राहिले ती हे तीन कायदे घेऊन.

जॅझ आमच्या घरात आलं ते चुकून. अकोल्यात आमचे चाचा राहायचे. नात्याने कोणी नव्हेत, बाबांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि एरवी त्यांच्या दुकानात बाजांचे पोचे काढायचे. त्यांनी माझ्यासाठी मुंबईहून जुनं ट्रम्पेट आणवलं, तर पेटीच्या कप्प्यात एक कॅसेट निघाली. वर नाव नाही, गाव नाही. आम्ही तिघांनी ती चाचांच्या दुकानात लावली. एक माणूस ट्रम्पेटवर छान चाल धरतो, आणि दोन मिनिटांत कुठल्या कुठे जातो. बाबा अस्वस्थ झाले. "थो गाणं इसरला."

"इसरला नाई मास्तर," चाचा म्हणाले. "आपन पानठेल्यावर जाऊन येतो ना, घर इसरतो काय? येऊन राहिला वापस, ऐका."

आणि खरंच तो आला. दारात येऊन उभं राहावं तसा पहिल्या ओळीवर येऊन उभा राहिला. मला काय झालं सांगता येत नाही. मी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली, बाबा चप्पल घालून बाहेर गेले. "घरातल्या घरात भटकून राहिला लेकाचा," एवढं म्हणाले.

मग डीजे आला. शेवटची वरात मला नको तितकी आठवते. मे महिना, अकोल्याचं ऊन, बाबा माऊथपीस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, नाहीतर ओठ भाजतो. नवरदेवाला मांडवात नेतानाची एक चाल आमच्या आजोबांनी बसवलेली होती. पहिला भाग चढतो, दुसरा भाग हळूहळू उतरतो. ती आमच्याशिवाय कुणाची नाही. पहिला भाग संपत आला आणि मागून डीजेची गाडी आली. नवरदेवाचे दोस्त ओरडले, "ओ बँडवाले, बाजूले व्हा ना!" यजमान बाबांच्या कानाशी आले, काहीतरी बोलले. बाबांनी मूठ वर केली. चालीच्या मधोमध. त्यांनी असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि आमच्यासमोरून भिंतीएवढे स्पीकर गेले. बाबांनी कोट काढून त्याची घडी घातली. पुढच्या लगीनसराईला त्यांनी बाजा पेटीतून काढला नाही.

मी पुण्याला नोकरीसाठी गेले आणि तिथे जॅझ ग्रुपला ट्रम्पेटवाला हवा होता. माझी परीक्षा घेतली. "सोलो घे," म्हणाले, म्हणजे आता एकटीने वाजव. घेतला. खोलीला चार चकरा मारल्या, दारातून बाहेर जाऊन जिन्यापर्यंत आले, परत आले, वाजवतच राहिले. आता थांबवेल कुणीतरी! पण मूठ काही वर जाईना. पियानोवाला घामाघूम, माझ्याकडे डोळे वटारून पाहतोय, आणि मला वाटलं, खूश आहे गडी. शेवटी ड्रमरने वैतागून दोन्ही हात वर केले, तेव्हा मी थांबले. "बाप्पा, दमवलं तुमी," मी म्हटलं. ते म्हणाले, अहो, सोलो आपला आपण थांबवायचा असतो! तरी घेतलं मला. आजतागायत मला कुणीतरी मूठ दाखवावी लागते. ते काम ड्रमर करतो, कुरकुरत.

बाबा मात्र एकदाही ऐकायला आले नाहीत. "बसलेल्या लोकाइपुढं वाजवणं म्हणजे का वाजवणं व्हय? आन् गाणं इसरून?" मला पुण्यात टाळ्या मिळायच्या, आणखीही कुठे कुठे मिळायच्या. मला त्या नको होत्या असं नाही, टाळ्या कुणाला नको असतात? पण मी विसरत नाही, फिरून घरी येते, हे मला त्या एका माणसाकडून ऐकायचं होतं. दर वेळी फोन करायची, दर वेळी भांडायची, आणि फोन ठेवल्यावर रडायची.

गेल्या वर्षी चाचांनी अकोल्यात एका कॉलेजच्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरवला, सकाळचा. मी पडद्याआडून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत, चाचांच्या शेजारी, बाबा! मी धावत गेले.

"तेल्हाऱ्याले जाऊन राहिलो," ते घाईने म्हणाले. "काम हाय. मंधात उतरलो."

"अमरावतीहून तेल्हाऱ्याले लोक अकोटवरून जातात मास्तर," चाचा म्हणाले. "हे अकोला व्हय."

"गर्दी व्हती तिकडच्या गाडीले," बाबा म्हणाले आणि छताकडे पाहू लागले.

ठरवलेला कार्यक्रम मी तिथल्या तिथे बदलला. ग्रुपला म्हटलं, माझ्यामागे या. आणि आजोबांची चाल धरली. पहिला भाग चढला, जिथे त्या दिवशी मूठ वर गेली होती तिथे आले, आणि माझी हिंमत होईना. दुसरा भाग मीही त्या दिवसापासून वाजवला नव्हता. मग निघाले भटकायला, चाचांच्या त्या पानठेल्यावर. स्टेजच्या पायऱ्या उतरले, रांगांमधून चालत चालत बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. ढिले आहेत का नाही!

आणि त्यांचं बोट मांडीवरून उठलं. गोल फिरलं. फिरव.

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. पुन्हा बोट. फिरव. मी वेगळ्या वाटेने गेले, परत आले. फिरव! स्टेजवर ड्रमरचा चेहरा रडवेला. सभागृहाचे शिपाईकाका दारात किल्ल्या वाजवायला लागले, त्यांना हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. चाचांना दया आली, त्यांनी मूठ वर केली. बाबांनी त्यांचं मनगट धरलं, खाली ओढलं आणि स्वतःच्या मांडीवर दाबून ठेवलं.

तेव्हा मला कळलं की आज मूठ येणार नाही. मी घाबरले, खरंच घाबरले. मग डोळे मिटले आणि दुसरा भाग धरला. हळूहळू उतरत, एकही सूर न गाळता शेवटपर्यंत नेला आणि माझी मीच थांबले. लोक उभे राहिले. बाबांनी टाळी वाजवली नाही. त्यांनी रुमाल काढला, टक्कल पुसलं, मग डोळे पुसले, आणि कूलरसमोर बसून उन्हाला शिव्या दिल्या.

नंतर बसस्टँडवर आम्ही तिघं चहा प्यायला उभे राहिलो. मीच विचारलं, "मूठ काऊन नाई दाखवली बाबा? माहा ओठ फाटला असता ना."

त्यांनी चहा फुंकला. "मंधात लई भटकली तू. दोन जागी मले वाटलं, गेली पोरगी. पण आली घरी." मग कप खाली ठेवला. "मूठ म्या एक डाव दाखवली व्हती. थ्या दिवसापासून थे चाल अर्धीच वाजे डोक्यात. सकाळी उठलो का अर्धी, जेवाले बसलो का अर्धी. आज झाली पुरी."

मला हुंदका आला तो आलाच. चहा सांडला, नाक वाहायला लागलं, आजूबाजूची माणसं बघायला लागली. बाबांनी माझ्या हातातून बाजाची पेटी काढून घेतली, स्वतःच्या बगलेत धरली आणि तडक अमरावतीच्या गाडीकडे निघाले. तेल्हाऱ्याचं नावही काढलं नाही.

"रड बेटा, बिलकुल रड," चाचा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पन चालता चालता रड. गाडी सुटून राहिली."