पारंबीवरची नणंद

परवा गावाहून जालन्याला बाजाराला गेले, तर मस्तगडात आवळ्याच्या गाडीजवळ तो तुरट, हिरवा वास आला आणि मी थेट आमच्या गावच्या राईत पोचले, माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षात.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. तीर्थपुरीजवळच्या माझ्या सासरी देवीची राई साऱ्या गावानं राखली होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नसे. कार्तिकात मात्र अख्खं गाव भाकरी बांधून आवळ्याखाली जेवायला जाई. आणि जेवणाआधी वडाच्या पारंबीवर झोके. तो मान फक्त गावच्या लेकींचा, सुनांचा न्हाई.

माझी नणंद गोदा, माझ्याच वयाची, माहेरी आल्ती. तिनं असा झोका घेतला की तिचं हिरवं लुगडं पानांत दिसेनासं झालं. मी खाली ठेचा वाढत होते. हात पानावर, डोळे वर, आणि जिवाची नुसती आग.

सासूबाईंनी बराबर ओळखलं. म्हणाल्या, "तिला उद्या सासरी जायचंय, पोरी. तू तर कायमची हितलीच. तुला काय जल्दी?"

मला ते पटलंही. किती गोडीनं त्यांनी न्हाई म्हटलं, हे फार उशिरा कळलं.

राई अजून उभी आहे. गोदा वन्सं दर कार्तिकात येतात. गुडघे गेलेत, तरी झोका हवाच.

"वैनी, जरा धरा की!"

मी धरते. जन्म त्या राईशेजारी गेला, पण पारंबी माझ्या हाती येते ती त्यांना बसवायलाच.