तिसरा आग्रह

आमच्या हेगनमध्ये कुणी काही पुढे केलं आणि समोरच्याने ते लगेच घेतलं, तर तो एकतर परगावचा असतो किंवा त्याला घरचं वळण नसतं. पहिल्यांदा विचारलं की "नको नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगीच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मान जराशी वाकडी करून "बरं, अगदी थोडं" म्हणायचं आणि मग हवं तेवढं घ्यायचं. विचारणाऱ्याच्या मनातच नसेल तर तो दोनदा विचारून थांबतो. कुणाचा अपमान होत नाही, कुणी वाईट ठरत नाही. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात लग्नंसुद्धा अशीच जमली आहेत आणि अशीच मोडली आहेत.

आर्लिस नायगार्ड या वळणाची पक्की. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली. अर्धं गाव तिच्या हातचा बटाटा खाऊन मोठं झालं आणि तिची बोलणीही खाऊन. आई गेली तेव्हा धाकटी बहीण जॅनेल आठ वर्षांची होती. आर्लिसचं लग्न ठरत आलं होतं, ते ठरत आलेलंच राहिलं. तिने जॅनेलला वाढवलं, शिकवलं, घासलेली भांडी उजेडात धरून पुन्हा घासायला लावली, आणि कर्ट नावाच्या न्यू जर्सीच्या माणसाशी तिचं लग्नही लावून दिलं. जॅनेल नवऱ्याबरोबर खाली आयोवात, मिसिसिपीच्या काठी डब्यूकला राहायला गेली. पुढे तिला एमेट आणि गस हे दोन मुलगे झाले.

मागच्या नाताळात जॅनेल फोनवर म्हणाली, "आमची खालची खोली रिकामीच पडलीय. तू एकटी तिथे काय करतेस? इकडेच ये ना राहायला. पोरांनाही बरं वाटेल."

आर्लिसला आनंद पोटात मावेना, म्हणून ती तुटकपणे म्हणाली, "छे गं! माझं इथे बरं चाललंय."

ईस्टरच्या सुमारास जॅनेल एका मयताला हेगनला आली. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना म्हणाली, "मी म्हटलं होतं त्याचा विचार केलास का?"

"कशाला उगीच तुमच्या संसारात माझी अडगळ!" आर्लिस म्हणाली.

जॅनेलने कॉफी संपवली आणि मयताच्या फुलांबद्दल बोलू लागली. म्हणजे दोन झाले होते. मग जूनमध्ये कर्टने फोन करून सहलीच्या तारखाच सांगितल्या. पोरांना घेऊन नदीकाठाने हिंडू, तूही ये, म्हणाला. आर्लिसने ओळखलं की तिसऱ्यांदा विचारायची गोष्ट जॅनेलने फोनवर उरकायची नाही असं ठरवलंय.

आणि इथेच तिने आयुष्यात पहिल्यांदा घाई केली. भाड्याचं घर सोडतेय असं तिने मालकाला सांगून टाकलं. त्याने ते नातवाला दिलंसुद्धा. चर्चच्या बायकांना कळलं. ज्यांचं तिच्याशी उभ्या जन्मात पटलं नव्हतं त्यांनीही टाके घालून तिच्यासाठी गोधडी शिवली, निरोपाची कॉफी झाली, दोघीतिघी रडल्यासुद्धा. ती गोधडी गाडीच्या डिकीत घालून, खजुराच्या वड्यांचा पत्र्याचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून आर्लिस डब्यूकला पोचली.

सहलीला कर्टची आई व्हर्नाही होती. ती डब्यूकमध्येच वेगळी राहायची. गुडघे गेलेले, म्हणून तिला पुढची सीट. आर्लिस मागे दोन पोरांबरोबर खिडकीशी, मध्ये गस.

"मावशी, तू किती दिवस राहणार?" गसने निघताक्षणीच विचारलं.

"का रे, कंटाळलास एवढ्यात?"

"नाही. तू गेलीस की मला खिडकी मिळेल."

"खिडकी दुसऱ्या बाजूलाही आहे, गाढवा," एमेट म्हणाला.

"ती तुझी आहे!"

आर्लिस हसली. या दोघांचे डबे भरून त्यांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाणं तिने मनात इतक्या वेळा करून पाहिलं होतं, की कुणाला ब्रेडच्या कडा चालत नाहीत तेही तिने गप्पांत काढून घेतलं.

सहल आमच्याकडच्या सगळ्या सहलींसारखीच. एका गावात नगरपालिकेच्या इमारतीवर ठेवलेली फायबरची अवाढव्य स्ट्रॉबेरी पाहिली आणि तिच्याखाली ओळीने उभं राहून फोटो काढले. गुहेत गेले, थंडी वाजली, बाहेर आले. धरणाच्या दारातून मालाच्या नावा खाली उतरताना पाहिल्या. कर्टने ते पोरांना समजावलं आणि पोरांनी ऐकलं नाही. आर्लिसचं लक्ष कशातच नव्हतं. जॅनेल जवळ येऊन उभी राहिली की तिला वाटे, आता. आणि जॅनेल म्हणे, "उन्हाची टोपी आणलीस ना?"

कठड्याशी एमेटने चीजच्या तुकड्यांची पुडी पुढे केली. "मावशी, हवं?"

"नको रे बाळा."

पुडी तत्क्षणी मागे गेली. आर्लिस बघतच राहिली.

"आई म्हणते, कुणी नको म्हटलं की परत विचारायचं नाही. नाही म्हणजे नाही," तोंड भरून एमेट म्हणाला.

आर्लिसला एकदम हायसं वाटलं. असं आहे होय! इतकी वर्षं त्या न्यू जर्सीवाल्याच्या संगतीत राहून पोरगी वळण विसरली. तिने दोन्ही "नको" खरे धरले. त्यात तिचा काय दोष? आता आपणच तोंड उघडायला हवं. लाज वाटेल, पण वाटू दे. दुपारी जेवताना सांगू, असं तिने ठरवलं.

दुपारी नदीकाठच्या बाकावर जेवण मांडलं. सँडविच झाले, लोणचं झालं, आर्लिसच्या वड्यांवर पोरांनी हात मारला आणि डब्यात एक वडी उरली. आर्लिसने घसा साफ केला. तेवढ्यात जॅनेलने डबा व्हर्नासमोर धरला.

"घ्या ना."

"नको गं, झालं माझं."

जॅनेलने डबा मागे घेतला नाही. ती जरा थांबली, रुमालाने कडेचा चुरा पुसला. "एकच तर आहे. कुणासाठी ठेवायची?"

"पोरांना दे की."

"पोरांची पोटं फुटतील. माझ्यासाठी घ्या. मला बरं वाटेल."

"बरं, अर्धी," म्हणून व्हर्नाने अख्खी घेतली.

आर्लिसने हातातला कप खाली ठेवला. तो डबा न हलवता थांबणं, ते कडा पुसणं, "माझ्यासाठी" म्हणताना आवाज खाली नेणं, ही हुबेहूब त्या दोघी बहिणींची गेलेली आई होती. जॅनेल काहीएक विसरली नव्हती.

व्हर्ना वडी चघळत म्हणाली, "ही ऐकतच नाही बघ कुणाचं. खोलीचंही असंच केलं. मी म्हटलं, मला कशाला नेता तुमच्याकडे, माझी मी आहे ती बरी आहे. दोनदा नाही म्हटलं! पण ही पोरगी हटूनच बसली. आता खालच्या खोलीला रंग कुठला लावायचा ते विचारते मला."

"पिवळा!" गस ओरडला.

मग कर्ट म्हणाला, वारा बरा सुटलाय. सगळ्यांनी मान्य केलं की वारा बरा सुटलाय.

नळाशी डबा धुताना आर्लिस जॅनेलजवळ गेली. जॅनेलने वर पाहिलं नाही.

"तू नको म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"दोनदा," आर्लिस म्हणाली.

"हो. दोनदा."

पाणी डब्यातून वाहत राहिलं. जॅनेलने तो डबा उजेडात धरला, कोपऱ्यात एक डाग दिसला, तो पुन्हा घासला. मग हळूच म्हणाली, "तू घरात असलीस की मी आठ वर्षांचीच असते गं. दोनदा विचारलं, ते विचारावं लागतं म्हणून. तिसऱ्यांदा तोंडातून निघेना."

आर्लिसला म्हणावंसं वाटलं, की त्या आठ वर्षांच्या पोरीपायी माझं काय काय गेलं ते मोजून दाखवू का? घर सोडून आलेय, डिकीत गोधडी आहे, परत जायला दार नाही, हे सगळं तोंडावर मारावंसं वाटलं. मारलं असतं तर जॅनेल लगेच रडली असती आणि खोली कदाचित मिळालीही असती. आणि मग जन्मभर ती दयेची खोली. ती म्हणाली, "आण इकडे, मी पुसते." राग तिच्या छातीत घट्ट बसला तो आजही हललेला नाही.

दुसऱ्या दिवशी आर्लिस निघाली. आमच्याकडे पाहुणा एका दमात निघत नाही. गुडघ्यांवर हात आपटून "चला तर मग" झालं, त्यानंतर दारात बोलणं झालं, पायरीवर झालं, गाडीशी झालं. काकडीची पिशवी नको नको करत तीनदा झाल्यावर तिने घेतली. पोरांनी गळ्यात हात टाकले. गस म्हणाला, "तू राहिलीस तरी चालेल. खिडकी नको मला." जॅनेलने त्याला मागे ओढलं.

ती खाली वाकली आणि गाडीच्या उघड्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला ये हं आमच्याकडे. पंधरा दिवस राहायलाच ये."

म्हणायची पद्धत होती, म्हणून ती म्हणाली. आता "नको गं, तुमची गर्दी असेल" यायला हवं होतं. जॅनेल त्यासाठी थांबली. चेहऱ्यावर हसू तयार ठेवून, मान कलती करून, आईसारखी.

"येईन," आर्लिस म्हणाली.

जॅनेलचं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळे एकदा मागे व्हर्नाकडे गेले. काचेवरचा हात निघाला. "हो का? अगं... छानच की. म्हणजे... व्हर्नाच्या बहिणी यायच्या आहेत त्या वेळी. झोपायचं कसं काय ते... बघू ना आपण. मी फोन करते तुला."

"कर," आर्लिस म्हणाली, आणि काच वर घेतली. फोन हेगनच्या कुठल्या घरात करायचा, ते जॅनेलने विचारलं नाही, कारण घर सुटल्याचं तिला माहीतच नव्हतं. आर्लिसनेही सांगितलं नाही.