दारावरचा देखणा माणूस

गल्लीच्या तोंडाशी त्याचा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाइकं त्याला लाडानं मुरूमकाढे म्हणायची, कारण या गड्याच्या हाताखालून गेलेल्या चेहऱ्यावर मुरूम औषधालाही उरायचा नाही. टकलाला केस, म्हातारीला दात, सुतकी तोंडाच्या नवरदेवाला हसू, मागाल ते मिळे.

एवढा गुणी माणूस, पण संध्याकाळ झाली की पाय पत्त्यांच्या क्लबकडे वळायचे. आधी गंमत, मग सवय, मग बायकोच्या बांगड्या. शेवटी बायकोनंच त्याला दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंपुढे नेऊन बसवलं. बाई म्हणाल्या, "क्लबात एक सोय असते. आपला फोटो द्यायचा आणि सांगायचं, मला आत घेऊ नका. दारवान अडवतो."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "हा शेवटचा उपाय. परत खेळलात तर मी पोरीला घेऊन भावाकडे जाणार. मग बसा भिंतींशी बोलत."

त्यानं टायमर लावून स्वतःचा फोटो काढला, आणि घात झाला तो इथेच! हाताला वर्षानुवर्षांची खोड. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, खुरटी दाढी गेली, खोल गेलेले गाल भरले, विरळ केस दाट झाले. बायकोनं बघितला आणि कितीतरी महिन्यांनी फसकन हसली. "अगंबाई, हा कोण? याचं स्थळ मला कसं नाही आलं?"

तोच फोटो क्लबच्या दारावर लागला.

काही दिवस बरे गेले. मग एका लग्नाचं काम आटोपून, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग घेऊन स्वारी मुद्दाम त्या रस्त्यानं निघाली. अडवतात का ते बघायचं, बाकी काही नाही, असं मनाशी घोकत.

दारवानानं फोटो पाहिला, त्याला पाहिलं. "धाकटे बंधू का हो तुमचे?"

'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं. घशापर्यंत आलंही. पण तोंडातून निघालं, "हो."

"त्यांना नाही सोडणार हं आत."

"अजिबात सोडू नका," असं बजावून तो स्वतः आत गेला.

बाहेर आला तेव्हा खांदा मोकळा होता. घरी बायकोनं नुसतं खांद्याकडे बघितलं.

"अगं, त्या फोटोनं घात केला. दारवानानं ओळखलंच नाही. हात सवयीनं..."

"हाताला कशाला बोल लावता? तोंड होतं ना तुम्हाला?"

पोरीचे शाळेचे कपडे तिनं आधी बांधले. त्यावरून त्याला कळलं, ही चार दिवसांसाठी जात नाहीये.

सकाळी तो एकटाच बाईंकडे गेला. बाई रागावल्या नाहीत, तेच त्याला सोसेना. "पाय घसरतो माणसाचा. दर आठवड्याला या, तुमच्यासारखे आणखी बसतात इथे. आधी तो फोटो बदलू." त्यांनी आपला मोबाईल उचलला. तो उजेडाकडे वळू लागला.

"वळू नका. आहात तसेच बसा."

छापलेला फोटो घेऊन तो क्लबवर पोचला. दारवान हसला, "या या! धाकटे काय म्हणतात?"

"धाकटा कुणी नाहीच. तोही मीच, हाही मीच."

दारवानाचं हसू मावळलं. त्यानं जुना फोटो काढून नवा चिकटवला, अंगठ्यानं कोपरे दाबले. "मग आता दारात थांबू नका, साहेब."

रस्त्यावर येऊन त्यानं बायकोला फोन लावला. पोरीनं उचलला. "बाबा, आई म्हणते, आई घरी नाहीये."

मागून आवाज आला, "ठेव तो फोन."