उजव्या दाराचा मिलादिन

आमच्या क्रागुयेवाच गावात मिलादिनला अजूनही ‘उजवं दार’ म्हणतात. मोटारींच्या कारखान्यात बावीस वर्षं तो एकाच जागी उभा राहिला. पट्ट्यावरून इवलीशी फिचा गाडी सरकत यायची, तिला उजवं दार बसवायचं, कपाळ पुसायचं, की पुढची फिचा हजर. गाडीच्या पलीकडे, डावं दार बसवायला, त्याचा मेहुणा रातोमिर. दोघांच्या मध्ये कायम एक गाडी. गप्पा, शिव्या, मासे पकडायला जायचे बेत, सगळं खिडक्यांच्या आरपार. मिलादिनची बायको ल्युबिंका सगळ्यांना सांगायची, “माझ्या नवऱ्यानं माझ्या भावाला कमरेखाली कधी पाहिलेलंच नाही.”

भांडण झालं तेही दारावरूनच. रातोमिरच्या घरी कुळाच्या संताचा सण होता, टेबल भरलेलं, मेणबत्ती तेवत होती. मिलादिन-ल्युबिंका आपल्या फिचातून आले. रातोमिर दोन पेले चढवून भरल्या घरात म्हणाला, “दाजी, तुमची गाडी येते ते वळणावरूनच कळतं. उजवं दार खडखडतं!” पाहुणे खदाखदा हसले. मिलादिनने हातातला पाव खाली ठेवला आणि मेणबत्ती विझायच्या आत उठून चालता झाला. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही. त्यात या सणाचं कुणी कुणाला बोलावणं धाडत नाही. येणारा आपणहून येतो. उठून गेलेल्याला परत बोलवायची मग सोयच उरत नाही. अकरा वर्षं गेली. ल्युबिंका एकटी जायची आणि परत आल्यावर दरवेळी सांगायची, “तुझं ताट मांडलं होतं त्यानं.” मिलादिन पेपरात तोंड खुपसायचा.

एवढ्याशा गोष्टीसाठी अकरा वर्षं! पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आमच्या गावात पिळाला तोटा नाही.

ल्युबिंका गेली. शेवटच्या दिवसांत ती मिलादिनला म्हणाली होती, “मला भेटायला बसनं येऊ नकोस हं. आपली गाडी काढ.” गाडी तोवर छपरीत गंजत पडलेली. मिलादिनने वर्षभर तिला वाहून घेतलं. इंजिन उतरवून साफ केलं, तळाचा कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, दिव्यांच्या काचा कुठून कुठून मिळवल्या, ल्युबिंकाच्या आवडीचा फिकट निळा रंग दिला. डावं दार खालून पार चाळणी झालं होतं. चाचाकजवळच्या एका खेड्यात मोडीत निघालेल्या फिचाचं धड दार मिळालं, तेही आणलं. शनिवारी तिचं वर्ष भरत होतं. त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, त्याने दार बिजागऱ्यांवर चढवलं.

ते बसेना.

वरून फट बोटभर, खालून पत्र्याला पत्रा घासतोय. त्याने स्क्रू सैल केले, घट्ट केले. बिजागरीत लाकडाची पाचर घालून गुडघ्याने रेटा दिला. हजारो दारं त्याने याच रेट्यावर बसवली होती. पण गुडघा चुकीचा पुढे येत होता. हात उलटे पडत होते. बावीस वर्षांत त्याने एकही डावं दार बसवलं नव्हतं, आणि हे त्याच्या लक्षात आलं ते बहात्तराव्या वर्षी. गुरुवारी त्याने हात टेकले. छपरीत उपड्या बादलीवर बसून तो रडला. दारासाठी नव्हे, हे काय सांगायला हवं?

मग तो उठला, तोंड धुतलं आणि रातोमिरच्या अंगणात जाऊन उभा राहिला. रातोमिर चुलीवर लाल मिरच्या भाजत होता. त्याने वर पाहिलं नाही.

“दार बसत नाहीये,” मिलादिन म्हणाला.

“कुठलं?”

“डावं.”

रातोमिरने एक मिरची पलटली. “उजवं बसलं?”

“उजवं कधी उठलंच नव्हतं.”

“हो का!” रातोमिर उठला, मिरच्या तशाच टाकून. “चला दाजी. शनिवारला उरलेत किती दिवस?”

तो विसरला नव्हता.

रातोमिरचे हात आता कापायचे. त्यामुळे दार मिलादिनने पेललं आणि रातोमिर बाजूला उभा राहून सांगत राहिला. “पाचर वरच्या बिजागरीत नको, खालच्या. उजवा गुडघा आणा. अहो, उजवा! दाराला लाथ नका मारू, मिठी मारल्यासारखं रेटा.” तासाभराने त्याने एका बोटाने दार लोटलं. ‘ठक्’ असा आवाज आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

शनिवारी मिलादिन डावीकडे स्टिअरिंगवर बसला. मांडीवर गेलेल्या माणसाच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गोड गव्हांचं भांडं घेऊन रातोमिर ल्युबिंकाच्या जागी, उजवीकडे. डांबरी रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. पुढे दफनभूमीकडचा दगडी चढ लागला आणि आवाज सुरू झाला. खड्. खड्. खड्. रातोमिरच्या अगदी कोपराशी.

मिलादिनची मान ताठ झाली. स्टिअरिंग धरलेली बोटं पांढरी पडली. आता हा बोलणार.

रातोमिरने भांडं सावरलं. उजवा कोपर दाराला घट्ट दाबून धरला. आवाज थांबला.

“डावंच वाजतंय, दाजी,” तो समोर बघत म्हणाला. “माझंच काम कच्चं.”

चढ संपला, फाटक दिसायला लागलं. मिलादिनचे डोळे भरून आले होते, आणि गाडी चालवताना ते पुसताही येत नव्हते.

“काढ तो कोपर,” तो म्हणाला. “उजवंच आहे. पहिल्यापासून उजवंच होतं.”

रातोमिरने कोपर काढला. दोघं तशीच खडखडती गाडी घेऊन फाटकातून आत गेले. ल्युबिंकाला वळणावरूनच कळलं असेल.