झाडून ठेवलेली हवा

शेतात मारलेल्या औषधाचा अंश हवेत किती उरतो, हे मोजायला सत्तरच्या दशकात मी दौंड-शिरूर भागात हवा ओढून तपासणारा पंप घेऊन हिंडायचो. घोड नदीकाठच्या एका गावात गेलो, तर चावडीपुढं सडा-रांगोळी आणि शिवारात पावडरीचा मागमूस नाही! साहेब येणार म्हणून गावानं मोठ्या अगत्यानं धुरळणीच बंद ठेवलेली.

बौद्धवस्तीतली एक बाई पुढं आली. नाकावरचा पदर न सोडताच बोलली, "सायब, पाव्हणं येनार म्हनून हवा झाडून ठिवलीया. आज मुक्काम करा, आन् उद्या पंप आमच्या दारात लावा. पोरं खोकून बेजार हायेत."

सरपंचांचा चेहरा उतरला. मी मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी धुरळणी पुन्हा सुरू झाली आणि तिच्या दारातल्या हवेत, दौंडच्या भर बाजारात मी मोजलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त औषध सापडलं. तो अहवाल मी ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचला. शेवटी सरपंचच म्हणाले, "वारं वस्तीकडं असंल, तवा कुनी औषध मारायचं न्हाई."

पुढच्या हंगामात गेलो, तेव्हा ती अंगणात भाकरी थापत होती. नाव विचारायचं तेव्हाही राहिलंच. पदर खांद्यावर होता. मला पाहताच तिनं छाती भरून श्वास घेतला आणि चावडीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "आता मोजा!"