चाचांच्या सुरया

आमच्या चाचांच्या घरात एकच एसी होता आणि तो झाडांच्या खोलीत होता. चाचा स्वतः पडवीतल्या खाटेवर झोपायचे, मे महिन्यातसुद्धा, वारा घ्यायला पुठ्ठा हातात धरून. एसी मस्कतच्या मुलाने बसवून दिलेला. दर शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "अब्बा, एसी चालू आहे ना?"

"चालू आहे," चाचा म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो. देवरूखच्या वरचं आमचं गाव, घराण्यात पहिला बीएस्सी मीच, तेही वनस्पतिशास्त्रात, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे. चाचांनी उभी हयात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढलेली. "मेलेल्या माशांसाठी लय थंडी केली," ते म्हणायचे, "आता जित्यासाठी करतो."

ती जिती म्हणजे घटपर्णीची रोपं. उंच डोंगरावरची जात, रात्री गारवा नसेल तर जीव टाकणारी. पानाच्या टोकाला पेला लोंबतो, त्यात किडा पडला की झाडाचं जेवण. चाचा त्या पेल्याला सुरई म्हणत. चाची गेल्यावर रिकामी झालेली खोली त्यांनी या सुरयांना दिली. सकाळी एकेक सुरई बोटाने वाकवून आत बघत आणि काल काय सापडलं ते तिलाच विचारत. घरात विचारायला दुसरं होतं कोण?

एकदा ते लग्नाला आंजर्ल्याला गेले. मी माझं शिक्षण वापरलं आणि एका कुंडीत खत घातलं. पानं अशी काही माजली, की मी खूश. सुरई मात्र महिने गेले तरी येईना.

"काय रे बीएस्सी, जेवायला घातलंस काय हिला?"

मी कबूल केलं.

"मुळाशी सगळं मिळालं की ती कशाला हात पसरेल? सुरई म्हणजे भूक आहे तिची." माती बदलताना ते एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

यंदा मुलगा रजेवर आला. त्याने पडवीतली खाट पाहिली, मग गार खोली पाहिली. जेवणं झाल्यावर म्हणाला, "अब्बा, आता माझ्याबरोबर चला." चाचा नाही म्हणाले नाहीत. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाणी पावसाचंच घाल. आणि जेवायला घालू नको."

आधी रोज त्यांचा फोन यायचा, मग शुक्रवारचा. आता मीच करतो. गेल्या आठवड्यात त्या माजलेल्या कुंडीत अखेर सुरई उघडली. मी व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा तिच्यासमोर धरला. चाचा बराच वेळ बघत राहिले.

"तुमचं कसं चाललंय, चाचा?"

"इथं काही कमी नाही रे," ते म्हणाले. 'चालू आहे' म्हणायचे ना, अगदी त्याच आवाजात.

मी फोन तसाच सुरईसमोर धरून ठेवला.