डाव्या बाजूला सैल

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक शिलाईचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली भाभी म्हणायची, मीही तेच म्हणायची. त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मी शाळेत शिकवते म्हणून मी त्यांची ‘बाई’. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून माझा एकूण एक ब्लाउज त्यांनी शिवला. शाळा सुटली की घरी जायच्या आधी मी त्यांच्याकडे टेकायची. त्या मशीन चालवत बोलायच्या, त्यामुळं आवाज मुळातच मोठा. सासरची कुरबुर, मुलीचे मार्क, मुख्याध्यापकांचे फतवे, सगळं मी त्या स्टुलावर बसून सांगितलंय. इतकी वर्षं रोज अर्धा तास. एवढ्या वेळात माणूस कुणाला काय काय सांगून बसतो, ते त्या वेळी कळत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षेचे दिवस होते. आंघोळ करताना साबणाचा हात डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला अडखळला. आत हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, टणक काहीतरी होतं. दाबून पाहिलं तर दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी परत पाहिलं, तिथंच होतं. उजवीकडे तसं काही नव्हतं.

मी कुणाला बोलले नाही. पेपर तपासायचे होते, निकाल लावायचा होता, त्यानंतर भाच्याचं लग्न होतं. दुखत नाही म्हणजे साधंच असणार, वयानं असं होत असेल, अशी माझी मीच समजूत घातली. मिस्टरांची कागलच्या एमआयडीसीत नोकरी, घरी यायला रात्र व्हायची, मुलगी पुण्याला शिकायला. सांगायचं तर सांगायचं कुणाला आणि कोणत्या शब्दांत, हाही प्रश्न होताच. वर्गात शरीरशास्त्राचा धडा मी न अडखळता शिकवते, पण घरात तो शब्द मी कधी उच्चारलेला नव्हता. रोज सकाळी न्हाणीघरात हात तिथं जायचा. असे तीन आठवडे गेले.

लग्नासाठी घेतलेल्या साडीचा ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणून भाभींकडे गेले. त्यांनी गळ्यातला टेप काढला, खांदा मोजला, बाही मोजली. छातीला टेप लावायला लागल्या तशी मी सहज म्हणाले, “डाव्या बाजूला जरा सैल ठेवा, भाभी.”

त्यांचा हात थांबला.

“का?”

“काही नाही. काचल्यासारखं होतं.”

“एकाच बाजूला?”

त्यांनी टेप मशीनवर ठेवला, उठून दाराचा पडदा ओढला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

“गाठ हाय का?”

मी मान हलवली.

“किती दिस झालं?”

“तीन आठवडे. पण दुखत नाही हो.”

“दुखत न्हाय म्हणूनच तर बायका गप बसत्यात,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. मग त्यांनी मला त्यांच्या आपाची गोष्ट सांगितली. थोरली बहीण इचलकरंजीत दिलेली हे मला ठाऊक होतं, ती आजारानं गेली हेही ठाऊक होतं. आजार कसला, ते मी कधी विचारलं नव्हतं.

“तिचे कपडे मीच शिवत होतो की. एकदा म्हणाली, एका बाजूनं जरा ढिलं कर. मी केलं. पुढच्या खेपंला म्हणाली, आणखी ढिलं कर. तेबी केलं. का म्हणून इचारलं न्हाय. टेप माझ्या हातात होता, बाई, आणि मी इचारलं न्हाय. वरीसभर तिनं झाकून ठेवलं. सांगितलं तवा कातडी फुटलीती. सहा महिन्यांत गेली.”

बाहेर कुणीतरी भाभींना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

“ह्यो ब्लाउज मी घेत न्हाय,” साडीचं कापड माझ्या पिशवीत परत ठेवत त्या म्हणाल्या. “आधी दाखवून या. मग माप.”

“लग्न झालं की जाते.”

“लगीन तुमच्यावाचून अडत न्हाय. उद्या दहाला रिक्षा सांगतो, मी येतो तुमच्यासंगं. आणि आज साहेबांस्नी सांगायचं.”

मी घरी येऊन सांगितलं. मिस्टर जेवत होते. त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. “तीन आठवडे एकटीच होतीस?” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाभी दुकानाला कुलूप लावून, बुरख्यावर चष्मा सारखा करत रिक्षात बसल्या. मिस्टर कंपनीतून परस्पर दवाखान्यात आले, कंपनीच्या कपड्यांतच. डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या, काखा तपासल्या, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. त्याच आठवड्यात सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. “बहुतेक गाठी साध्या निघतात,” डॉक्टर म्हणाल्या, “पण हात लावून ते कुणालाच कळत नाही. तपासूनच कळतं.”

रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस मला नीट आठवत नाहीत. शाळेत निकालपत्रकं लिहिली, त्यात दोन चुका झाल्या. संध्याकाळी भाभींच्या दुकानात बसायची. त्या काही विचारायच्या नाहीत, चहा पुढं करायच्या आणि मशीन चालू ठेवायच्या. मला तेवढंच हवं होतं.

गाठ साधी निघाली नाही. कर्करोगच होता, पण लहान आणि पहिल्या टप्प्यातला. “वेळेत आलात,” डॉक्टर म्हणाल्या. स्तन काढावा लागला नाही. गाठ आणि काखेतल्या दोन-तीन ग्रंथी काढल्या, पुढं काही आठवडे किरणांचे शेक दिले, आणि गोळ्या सुरू केल्या, त्या अजून चालू आहेत. भाच्याचं लग्न माझ्याशिवाय पार पडलं. मिस्टर व्हिडिओ कॉलवर अक्षता दाखवत होते, मी उशीला टेकून बघत होते.

ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला होता. मी दुखतं म्हणून टाळायची. हे कळल्यावर भाभी रोज दुपारी यायला लागल्या. मला भिंतीसमोर उभं करायच्या आणि बोटं जिथवर पोचतील तिथं कापडावर खुणा करतात त्या खडूनं रेघ ओढायच्या. “काल इथं हुतं. आज त्याच्या वर पायजे.” मी कळवळले की मागून पाठीवर हात ठेवायच्या, पण रेघ खाली घेऊ द्यायच्या नाहीत. महिन्याभरात पलंगाशेजारच्या भिंतीवर निळ्या रेघांची शिडीच झाली. माझा हात पंख्याच्या बटणाच्याही वर पोचला त्या दिवशी त्यांनी माझं माप घेतलं. ब्लाउजला हुक बाजूला लावले, म्हणजे हात उचलावा लागू नये, आणि काखेजवळचा मुंढा आतून मऊ कापडाचा केला, म्हणजे टाक्यांच्या जागेला घासू नये. मी काहीच सांगितलं नव्हतं.

एकदा आपाचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी त्यांना विचारलं, “तुमच्या सख्ख्या बहिणीला होता ना? मग तुम्ही तपासून घेतलंय का?” भाभी हसल्या, “माझं काय आता.” तेव्हा मात्र मी ऐकलं नाही. पुढच्या खेपेला दोघींचे नंबर एकदमच लावले. त्यांचं सगळं ठीक निघालं. गल्लीत उतरल्यावर म्हणाल्या, “आपाला असं कुणी न्यायला पायजे हुतं.”

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, नजरही कमी झाली. मशीनमध्ये दोरा घालायला मला किंवा शेजारणीला हाक मारायला लागल्या. मुलगा हुबळीला नोकरीला, त्यानं तिकडं बोलावून घेतलं. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी मी शाळेतून तासाची सुटी काढून आले होते. त्या पुढच्या सीटवर बसलेल्या, मांडीवर कात्रीची पेटी. “वरसाला दाखवायला जायचं,” त्या म्हणाल्या. “मी न्हाय म्हणून चुकवायचं न्हाय.” मी हो म्हणाले. आणखी खूप बोलायचं होतं, पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

दिवाळीच्या आधी घराला रंग दिला. मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर पलंगाशेजारची भिंत कोरी, फिकट पिवळी. रंगाऱ्याची काय चूक, त्याला मी काही सांगितलंच नव्हतं. मी उगाच तिथं उभी राहून हात वर नेला. सहज गेला.

शाळा सुटल्यावर अजूनही माझी पावलं गल्लीच्या तोंडाशी हळू पडतात. दिवसभर मनात साठलेलं काहीतरी सांगायचं असतं, आणि घरी पोचेपर्यंत ते सांगण्यासारखं राहत नाही. मिस्टर चांगले आहेत, मुलगी रोज फोन करते. पण मी ‘काही नाही’ म्हटल्यावर टेप बाजूला ठेवून पडदा ओढणारं माणूस आता गल्लीत नाही.

भाभींना फोन करते. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं बोलणं तीनचार वाक्यांपुढं जात नाही. “जेवला का? पाऊस हाय का तिकडं? गोळ्या घेता न्हवं?” मी ओरडून हो म्हणते. त्या म्हणतात, “काय म्हणालासा?” मग नात फोन घेते आणि मराठी-कानडी मिसळून सांगते की दादी हसतेय.

परवा वार्षिक तपासणीला गेले होते. एकटीच गेले, आता तेवढं जमतं. बाकावर शेजारी एक तरुण मुलगी बसली होती, फाईल घट्ट धरून. तिनं विचारलं, “दुखतं का हो मशीनमध्ये?” मी म्हटलं, “जरा दाबलं जातं, मिनिटभर. सोबत कुणी आलंय का?” ती नाही म्हणाली. माझा नंबर पुकारला होता. मी नर्सला म्हटलं, “आधी हिला घ्या, मी थांबते,” आणि तिची पिशवी माझ्याकडं घेतली. ती आत गेल्यावर, दाखवायला आलेय एवढं भाभींना सांगावं म्हणून मी हुबळीला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.